हरबाची राज्यपाहणी

एका गावात एक भोळा देवडीवाला होता. हरबा त्याचं नाव. गाव लहानच, पण राजा तिथे राहायचा म्हणून त्याला राजधानी म्हणायचे. राजवाड्याच्या दारात हरबा भाला घेऊन पहाऱ्याला उभा असायचा. भाल्याचं टोक वर ठेवायचं, हे त्याला त्याच्या बायकोने, राहीने, शिकवलं होतं.

सांगितलेलं काम हरबा तंतोतंत करायचा. एकदा कारभारी त्याच्यावर चिडले आणि म्हणाले, "दिवसभर उन्हात उभा राहा, हीच तुला शिक्षा." हरबा अंगणातल्या उन्हात उभा राहिला. ऊन सरकलं तसा हरबाही सरकला. ऊन भिंतीवर चढलं, हरबाही चढला. संध्याकाळी तो गावाबाहेरच्या टेकडीवर सापडला, कारण शेवटचं ऊन तिथे होतं. "आता हे पण चाललं," तो काकुळतीने म्हणाला, "आता मी कुठे उभा राहू?"

तर असा हा हरबा.

शेजारचा राजा मोठा होता. त्याच्याकडे इतके हत्ती होते की बांधायला जागा पुरत नव्हती. त्याने एक दिवस निरोप धाडला. "ज्या राजाला आपलं राज्य माहीत नाही, त्याने ते ठेवून करायचं काय? दसरा झाला की आमचा वकील येईल. तुमची जमीन कशी आहे, धंदे काय आहेत, माणसं कशी आहेत, इतिहास काय आहे, ते त्याला सांगा. सांगता आलं तर राज्य तुमचं. नाही आलं तर आमचं."

राजाला घाम फुटला. त्याला राज्य खिडकीतून दिसेल तेवढंच माहीत होतं. खिडकीतून एक वड दिसायचा.

"आपल्या दफ्तरदारांना सगळं ठाऊक आहे ना?" राजा म्हणाला.

"आहे महाराज," कारभारी म्हणाले. "पण ते परवा शिडीवरून पडले. जबडा आणि उजवा हात बांधून ठेवलाय. दसरा होईपर्यंत बोलायचं नाही, लिहायचं नाही."

मग राज्य बघून यायला कुणाला तरी पाठवायचं ठरलं. एका सरदाराला ताप होता. दुसऱ्याला विचारल्यावर आला. तिसऱ्याच्या घरी लग्न होतं, ते कुणाचं हे त्याला सांगता येईना. शेवटी कारभाऱ्यांची नजर दारातल्या हरबाकडे गेली. निदान हा सांगितलेलं तरी करील, असं त्यांच्या मनात आलं.

"हरबा, सगळं राज्य नजरेखालून घालून ये. जमीन, धंदे, माणसं, इतिहास. वाटेत लोक चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतील. त्या ध्यानात ठेव. पुढच्या मुक्कामाला उपयोगी पडतील."

"ध्यानात ठेवलं," हरबा म्हणाला.

राजाने त्याच्या गळ्यात राजमुद्रेचा बिल्ला घातला. राहीने भाकऱ्या बांधून दिल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "अहो, जरा नीट करा हो या खेपेला. राज्य गेलं तर ही देवडी जाईल. देवडी गेली तर आपण कुणाच्या दारात उभं राहायचं?"

हरबाने भाकऱ्या काखोटीला मारल्या. त्याने मनाशी पक्कं केलं, या खेपेला एकही चूक करायची नाही.

नजरेखालून म्हणजे नजरेच्या खालून. हरबा मान खाली घालून निघाला. आधी काळी माती दिसली. मग मुरूम. मग घाट लागला, तांबडी माती दिसली. मग पांढरी वाळू. मग ओली वाळू. मग पाणी. मग त्याला स्वतःचे पाय दिसेनात आणि थोड्या वेळाने नाकातोंडात पाणी गेलं.

कोळ्यांनी त्याला होडीत ओढून घेतला. किनाऱ्यावर अनसाकाकू उभ्या होत्या. त्यांची तिथे नारळी-पोफळीची वाडी होती.

"अरे बाबा, समोर एवढा दर्या पसरलाय, तो दिसला नाय तुला?"

"तो समोर होता, काकू. मला खालचं बघायला सांगितलंय."

काकूंनी त्याला घरी नेलं, गरम पेज दिली, माशाचं सुकं दिलं. तेवढ्यात पाऊस कोसळला. त्या भागात पाऊस पडत नाही, ओततो. बघता बघता वाडीत गुडघाभर पाणी झालं. काकूंनी एक फावडं स्वतः घेतलं, एक हरबाच्या हातात दिलं. दोघांनी पाट खणून पाणी दर्याकडे काढून दिलं.

"इकडची एक गोष्ट ध्यानात ठेव," काकू धापा टाकत म्हणाल्या. "पाणी साचू द्यायचं नाय. साचलं की मुळं कुजतात. साचलेलं दिसलं रे दिसलं की वाट काढून द्यायची. कोणाला विचारत बसायचं नाय."

"ध्यानात ठेवलं," हरबा म्हणाला. काकूंनी फावडंही त्यालाच देऊन टाकलं. आता मान वर करून चाल, असंही सांगितलं.

हरबा घाट चढून पलीकडे उतरला. इकडे सगळं उलटं होतं. ढग यायचे ते किनाऱ्यावर रिकामे होऊनच यायचे. माळ उघडाबोडका, बाभळी आणि मेंढरं. चालून चालून तो एका गावाशी आला. गावाबाहेर मोठं तळं होतं, काठोकाठ भरलेलं. गावातल्या बायकापुरुषांनी डोक्यावरून माती वाहून त्याचा बांध घातला होता आणि कितीतरी वर्षांनी ते पहिल्यांदा भरलं होतं. सगळा गाव पाण्याची पूजा करायची म्हणून नैवेद्य आणायला घरोघरी गेला होता.

हरबाने तळं पाहिलं. त्याला गलबलून आलं. "बिचारे लोक! केवढं साचलंय. मुळं कुजली असतील."

आणि त्याने बांध फोडला.

गाव हलगी वाजवत आला तोवर अर्धं तळं माळावर पसरलं होतं. हरबा घाम पुसत उभा होता, शाबासकीची वाट बघत. लोकांचा आधी विश्वासच बसेना. मग एकदम बसला. दगडमाती येईपर्यंत भगदाडात काहीतरी घालायला हवं होतं. हरबा जवळच होता. त्याला भगदाडात आडवा बसवला आणि वरून माती लोटली. डोकं तेवढं बाहेर ठेवलं.

पाणी थांबलं. मग गावातला सगळ्यात म्हातारा, तायाप्पा, बांधावर येऊन त्याच्या डोक्याशेजारी बसला. तो रडत होता. हरबालाही रडू आलं.

"आरं लेकरा, का केलंस असं?"

"साचलं होतं, आबा."

"साचवायलाच तर जीव काढला आम्ही! इथं पाणी म्हंजे प्राण. वाहताना दिसलं की अडवायचं. हाताला काय घावलं नाही तर आपण सोता आडवं पडायचं. पर थेंब फुडं जाऊ द्यायचा न्हाई."

"ध्यानात ठेवलं," हरबा म्हणाला. दुसऱ्या दिवशी बांध पक्का झाल्यावर त्याला उकरून काढला.

पुढे नदीचं खोरं लागलं. काळीभोर जमीन आणि जिकडे बघावं तिकडे ऊस. हरबाला वाटलं, इथे तरी काही चुकायला नको. गोड वास आला, त्या वासामागे तो गेला. गुऱ्हाळ चालू होतं. बैल चरक फिरवत होते, चरकातून उसाचा रस पन्हाळीत पडत होता आणि पन्हाळीतून धो धो वाहत मोठ्या काहिलीत जात होता. खाली जाळ धडधडत होता.

हरबा पन्हाळीपाशी धावला. एवढं वाहतंय आणि कुणीच अडवत नाही! त्याने इकडेतिकडे बघितलं. हाताला काही घावेना. मग तो पन्हाळीत आडवा पडला.

रस दोन्ही बाजूंनी उसळून अंगणात गेला. बैल फिरायचे थांबले आणि अंगण चाटायला लागले. काहिलीत नवा रस येईना, होता तो करपला. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा दत्तोबा, धावत आला आणि त्याने हरबाला पायाला धरून उपसून काढला. हरबाच्या अंगावर एवढ्यातच मुंग्या जमल्या होत्या.

"कोण म्हणायचं तुम्ही?" दत्तोबाने बिल्ला बघून दात आवळत विचारलं.

"राज्य बघायला आलोय, दादा. धंदे बघायचेत."

"मग उताणं पडून काय बघताय? ह्यो बघा धंदा!" दत्तोबाने त्याला काहिलीपाशी उभा केला आणि हातात लांब दांड्याचं ढवळणं दिलं. "आमचा गूळ खाऊन हे राज्य चालतंय. आणि गूळ होतोय का, तर आम्ही ढवळतोय म्हणून. शिजत आलं की ढवळायचं. गोल गोल, तळापासनं. हात थांबला की करपलंच."

हरबाने उरलेला दिवस ढवळलं. हात भरून आले, पण संध्याकाळी ढेप निघाली ती सोन्यासारखी. दत्तोबाचा राग गेला. त्याने हरबाला गुळाचा खडा दिला आणि ढवळणंही दिलं. हरबाला फार बरं वाटलं. आपल्याला जमतंय, असं त्याला वाटू लागलं.

तिथून तो विणकरांच्या पेठेत आला. घरोघरी माग खटखटत असायचे. पण त्या दिवशी सगळे माग बंद होते. पेठेत वरची आळी आणि खालची आळी यांचं भांडण होतं. कशावरून, ते दोन्ही आळ्या विसरल्या होत्या, भांडण तेवढं चालू ठेवलं होतं. आज देवळासमोर दोन्हीकडची कर्ती माणसं समोरासमोर बसली होती. मध्ये बसली होती भागूआजी. तिने दोन्ही आळ्यांतल्या बहुतेकांना जन्मताना हातात घेतलं होतं, त्यामुळे तिच्यापुढे कुणाची जीभ चालत नव्हती.

हरबा गर्दीमागे उभा राहिला. "आजी, काय चाललंय?"

"समेट," भागूआजी हळूच म्हणाली. "शिजत आलाय आता. गप्प उभा राहा."

शिजत आलाय! हरबा पुढे झाला. त्याने ढवळणं दोन्ही हातांनी धरलं, माणसांच्या मधोमध घातलं आणि फिरवायला लागला. गोल गोल, तळापासनं. वरच्या आळीचं पागोटं खालच्या आळीच्या मांडीवर पडलं. खालच्या आळीची पानाची चंची वरच्या आळीच्या तोंडावर बसली. कोणी कोणाला मारलं ते कळायला वेळच नव्हता. विसरलेलं भांडण सगळ्यांना एकदम आठवलं.

"हात थांबवू नका!" हरबा ओरडत होता. "करपेल!"

दिवस मावळता भागूआजीने पुन्हा सगळ्यांना खाली बसवलं. मग हरबाचा कान धरून त्याला वेशीबाहेर आणला.

"बाबा रे, तू कुणाचा लेक मला माहीत नाही. पण एक ऐक. माणूस म्हणजे गूळ नव्हे. जिथे आहे, जसं आहे, तसं राहू द्यावं. आपण हात लावू नये. कुणी कितीही बोलावलं तरी लावू नये."

"ध्यानात ठेवलं," हरबा म्हणाला. कान लाल झाला होता. ढवळणं तिथेच ठेवून तो निघाला.

आता इतिहास राहिला होता. इतिहास गडावर असतो, असं त्याला वाटेत एकाने सांगितलं. गड उंच होता. वर तटाला झाडं फुटली होती, दरवाजा होता पण दार नव्हतं. आत कुणी दिसेना. तेवढ्यात जमिनीतून हाक आली.

"कोण आहे का? अहो, कोण आहे का?"

हरबाने वाकून बघितलं. धान्य साठवायच्या जुन्या पेवात एक म्हातारा पडला होता. तो गडकरी होता. सदाशिवराव नाव. गड पाहायला येणाऱ्यांना इतिहास सांगताना मागे मागे सरकायची त्याला सवय होती.

"बरं झालं आलास! हात दे."

हरबाने दोन्ही हात पाठीमागे बांधले. "जिथे आहे, जसं आहे, तसं राहू द्यायचं. कुणी बोलावलं तरी हात लावायचा नाही."

"अरे, मी कालपासून इथे आहे!"

"मग तर अजिबात नाही. काका, इतिहास सांगता का?"

सदाशिवरावांनी आधी शिव्या दिल्या. पण इतिहास सांगा म्हटल्यावर त्यांना राहवेना. खड्ड्यात उभं राहून त्यांनी सगळा इतिहास सांगितला. गड कोणी बांधला, शत्रू कुठून आला, अन्न संपल्यावर माणसांनी झाडपाला कसा खाल्ला आणि तरी दरवाजा कसा उघडला नाही. हरबा वरून डोळे पुसत होता.

"आणि मग?"

"मग काय! मग शत्रू कंटाळून गेला. आता तरी हात दे."

हरबाने हात पाठीमागेच ठेवले. शेवटी शेळ्या राखणारी एक बाई आली. तिने हरबाकडे एकदा बघितलं, डोक्याची चुंबळ सोडली, लुगड्याचा तो जुना पट्टा खाली टाकला आणि सदाशिवरावांना वर ओढून घेतलं.

सदाशिवराव धूळ झटकत म्हणाले, "हा एवढा इतिहास तू दरबारात जाऊन सांगणार. कोण ऐकणार आहे तुझं? नुसत्या तोंडच्या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवत नाही. वस्तू उचलून आणून समोर ठेवावी लागते. मग लोक मानतात."

"ध्यानात ठेवलं," हरबा म्हणाला.

गडाच्या पलीकडे जंगल लागलं. साग, मोह, बांबू. तिथे त्याला लालसू भेटला. लालसू मध काढायचा आणि फार कमी बोलायचा. तो हरबाला जंगलातून चालवत एका दगडापाशी घेऊन गेला. दगडावर एका बाजूला आपल्या राजाची मुद्रा होती, दुसऱ्या बाजूला शेजारच्या राजाची.

"हे काय?" हरबाने विचारलं.

"राज्य," लालसू म्हणाला. "हा दगड आहे म्हणून इथवर राज्य आहे. दगड नसता तर कुणाला कळलं असतं?"

"असे किती आहेत?"

"चार दिशांना चार."

हरबा दगडाकडे बघतच राहिला. एवढं वणवण फिरून त्याला पहिल्यांदा राज्य दिसलं होतं. आणि ते उचलण्यासारखं होतं.

दसरा झाला. वकील आला. दरबार भरला. तेवढ्यात हरबा आत आला, वाळून काळा झालेला, पण तोंडावर तेज. दाराआडून राहीने त्याला बघितलं आणि देवाला हात जोडले.

"बोला," वकील म्हणाला. "तुमची जमीन कशी आहे?"

"खाली ओली, वर कोरडी," हरबा म्हणाला. "मधे चिकट."

"धंदा काय?"

"ढवळणं."

"माणसं?"

"माणसं ढवळायची नाहीत."

"आणि इतिहास?"

"इतिहास खड्ड्यात होता. एका बाईने वर काढला."

कारभाऱ्यांनी डोळे मिटून घेतले. वकील हसला. "असं कुणीही सांगेल. नुसत्या तोंडच्या गोष्टीवर विश्वास कोण ठेवणार?"

हरबाचा चेहरा उजळला. "मला माहीत होतं तुम्ही असं म्हणणार. गाडी बाहेर उभी आहे."

आणि त्याने गाडीतून एकेक दगड उतरवून अंगणाच्या चार कोपऱ्यांत मांडला. उत्तरेचा उत्तरेला, दक्षिणेचा दक्षिणेला. "हे घ्या राज्य. गळ्यात बिल्ला बघून गावोगावच्या लोकांनीच गाडी दिली आणि दगड चढवून दिले."

वकिलाने दगड बघितले. दगडांमधलं अंगण बघितलं.

"एवढंच का?"

"एवढंच. तिकडे आता काही शिल्लक नाही."

"महाराज," वकील म्हणाला, "पिढ्यान्‌पिढ्यांचा करार आहे. दगडांच्या आत ते तुमचं, बाहेर ते आमचं. आमचे राजे हा करार कधी मोडत नाहीत."

राजा पायरीवर उभा होता. पायरी दगडांच्या बाहेर होती. राजाने अंगणात उडी मारली. मुदपाकखाना परराज्यात गेला होता, तिथे वकील जाऊन पाटावर बसला आणि आपल्या राज्यातली खीर मागवून घेतली.

राजाचा तोल सुटला. "हरबा! हे दगड उचल! माझ्या नजरेसमोरून लांब ने! लांब! जाता येईल तितकं लांब!"

"महाराज, जुन्या जागी—" कारभारी बोलायला गेले.

"लांब!" राजा ओरडला.

"ध्यानात ठेवलं," हरबा म्हणाला आणि गाडी जुंपून गेला.

बरेच दिवस गेले. दगड नव्हते, त्यामुळे कुणाचं काय तेच कळेना. वकील खीर खात थांबून राहिला. राजा अंगणातच झोपायचा. एक दिवस दुपारी हरबा रिकामी गाडी घेऊन आला.

"ठेवले," तो म्हणाला.

"कुठे?" राजाने घाबरत विचारलं.

"लांब. एक शेजारच्या राज्यापलीकडच्या वाळवंटात. एक तिकडच्या डोंगरापलीकडे. एक मोठ्या नदीच्या पल्याड. पण चौथा नेता नेता बैल दमले. मग एक मोठा राजवाडा दिसला, दारात हत्तीच हत्ती, तिथे आत नेऊन ठेवला. गादीवर एक राजे बसले होते. मी म्हटलं, जरा सरका."

वकिलाच्या हातातली वाटी खाली पडली. त्याने मनातल्या मनात चारी दगड जोडून बघितले. आपल्या राजाचं सगळं राज्य त्यांच्या आत आलं होतं. राजवाडा, बाजार, हत्तीखाना, सगळं.

राजाला हे कळायला थोडा वेळ लागला. मग तो अंगणात नाचायला लागला. त्याने हरबाला मिठी मारली. राही धावत बाहेर आली. कारभाऱ्यांनी पगडी उडवली आणि झेलायची विसरले.

"शाबास हरबा! शाबास! करार म्हणजे करार!" राजा म्हणाला. मग त्याची नजर वेशीकडे गेली. "अरे, पण ती एवढी धूळ कसली उडतेय?"

"ते तिकडचे राजेच," हरबा म्हणाला. "माझ्या मागोमागच निघाले. म्हणाले, तुझ्या राजाला भेटायचंय. मी म्हटलं, एकटे कशाला, सगळ्या फौजेला घेऊन या. वाट दाखवत इथवर आणलं." आणि तो लगबगीने आत वळला. "मी मुदपाकखान्यात सांगून येतो, पानं वाढवायला."